फणी, झाडू आणि ऊन

भाद्रपदात पाऊस जरा उघडला, की कुत्री-मांजरं असलेल्या घरांत खाजवाखाजव सुरू होते आणि तिच्या मागोमाग सल्ले येतात. कापूर चोळा, खाण्यात लसूण मिसळा, टी ट्री तेलाचे चार थेंब मानेवर टाका. 'नैसर्गिक आहे हो, अपाय काही नाही' हे पालुपद प्रत्येक सल्ल्याला जोडलेलं. मला पिसवांपेक्षा या पालुपदाची धास्ती जास्त.

लसूण आणि कांदा कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कापूर त्यांना विषारी, कपाटातल्या डांबरगोळ्याही तशाच. टी ट्री तेलानं मांजराचा तोल जातो, अंग थरथरतं. मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, म्हणजे अंगाला लावलेलं सगळं पोटात जाणार. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर जुनी खरी, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा करते. खाजवणारं कुत्रं पंजा डोळ्यापर्यंत नेणार नाही, याची हमी कोण देणार? कडुनिंबात थोडा गुण आहे, तो पातळ काढ्यात, कुत्र्यापुरता. त्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

मुळात आपण चुकीच्या जागी लढतो. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याचा जेमतेम विसावा भाग. बाकीचा संसार घरात असतो. मादी भरात असताना दिवसाला चाळीसेक अंडी घालते. उवांच्या लिखा केसाला चिकटून राहतात, ही अंडी मात्र घरंगळून पडतात आणि जनावर जिथे लोळतं तिथेच साठतात. त्यातून निघालेल्या अळ्या उजेड टाळून फटीत, सतरंजीखाली शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतल्या वाळल्या रक्तावर पोसतात. पुढे कोश. कोशातली पिसू महिनोन्‌महिने दम धरून बसते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर उडी. कित्येक महिने बंद असलेलं कोकणातलं घर गणपतीसाठी उघडावं आणि पोटऱ्यांवर पिसवा तुटून पडाव्यात, त्याचं कारण हे.

म्हणून औषधी वासांपेक्षा आजीचा खाक्या बरा: गोधड्या, पोती, चटया कडक उन्हात टाकायच्या. अळ्यांना ओल लागते, उन्हात त्या वाळून मरतात. जनावराचं अंथरूण आठवड्याला कढत पाण्यात धुवावं. झाडू कोपऱ्यांत, सोफ्याखाली, फरशीच्या सांध्यांत फिरावा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम, त्याच्या कंपनानं कोशातल्या पिसवाही बाहेर पडतात. फक्त त्यातला कचरा लगेच घराबाहेर गेला पाहिजे. आणि रोज बारीक दातांची फणी. मान आणि शेपटीचं बूड नीट विंचरावं, फणी साबणाच्या पाण्यात बुडवावी. साध्या पाण्यात पिसू तरंगते, साबणाच्या पाण्यात बुडते. फणीतले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका, तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. हा उद्योग दोन-तीन महिने नेटानं करावा लागतो. आठ दिवसांत 'फरक नाही' म्हणणाऱ्यांना कोशातली मंडळी माहीत नसतात.

तेवढ्यानंही भागत नाही अशी वेळ येते. लहान पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर पिसवांनी रक्त ओढून त्याला पंडुरोग झालेला असू शकतो. तिथे फणी घेऊन बसू नये, थेट जनावरांचा दवाखाना गाठावा. शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. चाटताना पिसू गिळली गेली की तो पोटात जातो, त्यावर वेगळं औषध घ्यावं लागतं. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील, तर कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला थेंबभरही लावायचं नाही, जीव जातो. कुत्र्याला लावल्यावरही मांजर त्याला बिलगून झोपणार नाही, एवढं बघा.