शिफारसपत्र कोणाचं घ्यावं?



या खेपेला आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी दोनदा वाचलं. मिरजेच्या एका भगिनींचं आहे. त्यांची लेक लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. नात तिथंच जन्मली, तिथंच वाढली. सध्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि डॉक्टर व्हायचं तिनं मनावर घेतलंय. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांना अर्जाबरोबर शिफारसपत्रं लागतात, एवढं लेकीनं फोनवर सांगितलं मात्र, या बाई उत्साहानं कामाला लागल्या. त्यांचे धाकटे दीर पुण्यातले नावाजलेले सर्जन. भावजींनीही आढेवेढे न घेता, हातातली कामं बाजूला सारून, चांगलं झोकदार पत्र लिहून दिलं. ‘मुलगी अत्यंत हुशार, सुसंस्कृत घराण्यातली, सुटीत आली असता माझ्या शस्त्रक्रियांमध्ये तिने मदतही केली,’ असा त्यात मजकूर आहे.

आणि नातीनं ते पत्र नको म्हणून सांगितलं! तिला म्हणे कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या बाईंचं पत्र हवंय, ज्यांच्या विषयात तिला पहिली श्रेणीसुद्धा मिळाली नव्हती. लेक रडकुंडीला आलीय, भावजी रुसलेत आणि जाऊबाईंनी बोलणं टाकलंय. बाई विचारतात, ‘आमचं काय चुकलं? एवढ्या मोठ्या डॉक्टरांची शिफारस टाकून पोर स्वतःचं नुकसान तर करून घेत नाही ना?’

बाई, तुमच्या मायेत काही चूक नाही. पण नात बरोबर आहे. का, ते सविस्तर सांगते. कारण अमेरिकेत मुलंनातवंडं असलेल्या आणखीही बऱ्याच जणींना हा प्रश्न पडणार आहे.

आपल्याकडे बारावी झाली की ‘नीट’ची परीक्षा द्यायची आणि त्या गुणांवर एमबीबीएसचा प्रवेश ठरायचा. तिथं शिफारसपत्राला जागाच नाही. अमेरिकेत रीत वेगळी. आधी चार वर्षांची पदवी, मग वैद्यकीय शिक्षणाची चार वर्षं. प्रवेशासाठी ‘एमकॅट’ नावाची परीक्षा आहे आणि कॉलेजातले गुणही पाहतात. पण तेवढ्यावर भागत नाही. मुलीनं स्वतःबद्दल लिहिलेला निबंध, इस्पितळात केलेली सेवा, मुलाखत आणि शिफारसपत्रं हे सगळं मिळून निर्णय होतो. एमडीच्या बहुतेक महाविद्यालयांचा अर्ज ‘ॲमकास’ या एकाच व्यवस्थेतून भरता येतो. टेक्सास राज्याची व्यवस्था तेवढी वेगळी आहे.

आता हे पत्र कशासाठी मागतात? गुण तर त्यांच्यापुढे असतातच. गुणपत्रिकेत दिसत नाही ते त्यांना हवं असतं. मुलगी चूक झाल्यावर काय करते? चारजणांत मिळून काम करते का? दिलेला शब्द पाळते का? दुसऱ्याच्या दुखण्याशी धीरानं वागते का? हे कोण सांगणार? ज्यानं तिला काम करताना पाहिलंय, तोच.

आपण आपल्याच व्यवहारातलं उदाहरण घेऊ. मुलीला स्थळ सांगून आलं, की चौकशी कोणाकडे करतो आपण? त्या घरच्या लग्नाला हजेरी लावून गेलेल्या आमदारांकडे करतो का? नाही. मुलगा ज्या खोलीत भाड्यानं राहतो त्या घरमालकीणबाईंना विचारतो, त्याच्या कचेरीतल्या माणसाला विचारतो. आमदारसाहेब ‘फार चांगलं घराणं’ एवढंच सांगतील. घरमालकीणबाई सांगतील, ‘दोन वर्षांत भाडं एकदाही थकलं नाही, आणि मी आजारी होते तेव्हा औषध आणून दिलं.’ आपला विश्वास कोणाच्या बोलण्यावर बसतो, ते मी सांगायला नको. प्रवेश देणाऱ्यांचंही तसंच आहे.

नातेवाइकांच्या पत्राला तर तिथं किंमतच नसते. कित्येक महाविद्यालयं ते धरतच नाहीत. आडनाव सारखं नसलं तरी ‘मी हिचा चुलत आजोबा’ हे लपवून ठेवणं म्हणजे लबाडी. आणि डॉक्टरकीच्या वाटेची सुरुवात लबाडीनं कोणी करू नये.

भावजींच्या पत्रातलं एक वाक्य तर मला फार खटकलं. ‘शस्त्रक्रियांमध्ये मदत केली.’ त्यांनी कौतुकानंच लिहिलं असेल. कदाचित नात नुसती कोपऱ्यात उभी राहून पाहतही असेल. पण शिक्षण नसलेल्या मुलीनं रुग्णाच्या अंगाला हात लावणं तिथं भूषण मानत नाहीत, दोष मानतात. परदेशी जाऊन विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षणापलीकडची रुग्णसेवा करू नये, अशा तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या स्पष्ट सूचना आहेत. म्हणजे ज्या वाक्याचा तुम्हाला अभिमान, तेच पोरीला नडलं असतं.

मग मागायचं कोणाकडे?

बरीच महाविद्यालयं विज्ञान शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांची आणि दुसऱ्या एखाद्या विषयाच्या प्राध्यापकाचं एक अशी पत्रं मागतात. पण प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे, म्हणून नातीनं आधी यादी करावी आणि त्याबरहुकूम माणसं निवडावीत. तिनं प्रयोगशाळेत संशोधनाचं काम केलं असेल, तर तिथल्या मार्गदर्शकांचं पत्र घ्यावं. इस्पितळात किंवा वृद्धाश्रमात वर्ष-दोन वर्षं नेमानं सेवा केली असेल, तर तिथल्या प्रमुखांचंही चालतं. एखाद्या डॉक्टरांच्या मागे दोन दिवस फिरून घेतलेलं पत्र मात्र बहुधा पोकळ निघतं. ते बिचारे लिहिणार तरी काय? ‘वेळेवर आली, शांत उभी राहिली.’

काही कॉलेजांत वैद्यकीय शिक्षणाकडे जाणाऱ्या मुलांसाठी एक समिती असते. ती सगळ्या प्राध्यापकांची मतं गोळा करून कॉलेजतर्फे एकच पत्र देते. अशी सोय असेल तर ती घ्यावी. असून घेतली नाही, तर ‘का नाही घेतली?’ असा प्रश्न पुढे येऊ शकतो. आणि एक, ॲमकासमध्ये दहापर्यंत पत्रं जोडता येतात, म्हणून दहा जोडायची नसतात. ताटात जागा आहे म्हणून आपण सगळ्याच भाज्या वाढत नाही.

आता त्या रसायनशास्त्राच्या बाईंविषयी. तुम्ही लिहिता, की नात पहिल्या चाचणीत नापास झाली होती; मग वर्षभर दर आठवड्याला त्या बाईंकडे शंका विचारायला जायची आणि शेवटी दुसऱ्या श्रेणीत पास झाली. अहो, यापेक्षा चांगली साक्ष कुठली? तीनशे मुलांच्या वर्गात पहिली श्रेणी देणाऱ्या आणि तिचा चेहराही न ओळखणाऱ्या प्राध्यापकाला लिहिण्यासारखं काही नसतं. या बाईंनी तिला पडताना पाहिलंय आणि उठतानाही. अर्थात जिथं गुणही कमी आणि ओळखही नाही, तिथं मागायला जाऊ नये हे उघडच आहे.

वर्गात मुलं फार असली की पुष्कळदा प्राध्यापकांपेक्षा त्यांच्या हाताखाली शिकवणारे साहाय्यक मुलांना जास्त ओळखतात. अशा वेळी साहाय्यकानं लिहावं आणि प्राध्यापकांनीही सही करावी, अशी पद्धत तिथं रूढ आहे.

मागावं कसं, यालाही रीत आहे. ‘माझ्यासाठी पत्र द्याल का?’ एवढंच विचारू नये. ‘माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहिता येईल इतकं आपण मला ओळखता का?’ असं विचारावं. समोरच्यानं ‘बघू’, ‘हं, देता येईल’ असं चाचरत म्हटलं, तर आभार मानून दुसरीकडे जावं. आपण बायका नकाराला फार भितो. पण इथं स्पष्ट नकार हा उपकारच समजावा. कोमट पत्र त्याहून वाईट. होकार मिळाला, की आपली गुणपत्रिका, केलेल्या कामांची यादी, लिहिलेला निबंध आणि पत्र पाठवण्याची शेवटची तारीख हे सगळं एकत्र करून त्यांच्या हाती द्यावं.

वेळेचंही भान हवं. अर्ज मे महिन्याच्या सुरुवातीला खुले होतात आणि महिनाअखेरीपासून पाठवता येतात. वर्ग सुरू होतात ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. अर्जाची तपासणी पत्रांसाठी अडत नाही, पण पत्रं आल्याशिवाय बहुतेक महाविद्यालयं तो अर्ज पुरा झाला असं धरत नाहीत. आणि पुष्कळ ठिकाणी अर्ज जसजसे येतात तसतसे पाहिले जातात. म्हणून निदान दोन महिने आधी मागावं, मध्ये एकदा नम्रपणे आठवण करावी आणि काम झालं की स्वतःच्या हातानं चार ओळी आभाराच्या लिहाव्यात.

आणखी एक गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल. पत्र लिहिणारी व्यक्ती ते परस्पर पाठवते. मुलीच्या हाती देत नाही. १९७४ सालच्या तिथल्या एका कायद्यानं विद्यार्थ्याला आपल्याविषयीचे कागद पाहण्याचा हक्क दिलाय. पण या पत्रांपुरता तो हक्क मुलं बहुधा आपणहून सोडतात. सक्ती नसते, पण मुलीनं न पाहिलेलं पत्र मोकळेपणानं लिहिलेलं असणार, असं वाचणाऱ्याला वाटतं. तेव्हा ‘काय लिहिलंय ते आधी दाखव’ असा लेकीनं किंवा तुम्ही हट्ट धरू नका. म्हणूनच तर माणूस नीट पारखून निवडायचं.

राहता राहिले भावजी. त्यांना फोनवर सांगू नका. घरी जा, जाऊबाईंसमोर बोला. ‘पत्र परत आलं’ असं म्हणू नका. ‘तिथं घरच्यांचं पत्र चालत नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आम्ही तुम्हाला उगीच त्रास दिला,’ असं म्हणा. हे खरंही आहे आणि त्यात त्यांचा मान राहतो. मग त्यांना खऱ्या उपयोगाचं काम द्या. नातीची मुलाखत होईल, त्याआधी त्यांनी तिला फोनवर तासभर प्रश्न विचारावेत. रुग्ण दगावल्यावर त्याच्या माणसांशी काय बोलतात, रात्री-अपरात्री उठून जाताना घरचं कसं निभावतं, पहिली चूक झाली तेव्हा काय वाटलं, हे त्यांनी तिला सांगावं. तीस-चाळीस वर्षांच्या डॉक्टरकडे कागदावर सही करण्यापेक्षा मोठं देण्यासारखं आहे ते हे.

जाता जाता सगळ्याच मैत्रिणींना एक सांगते. तिथल्या प्राध्यापकांच्या आठवड्यातल्या काही वेळा विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवलेल्या असतात. आपल्या घरातल्या मुली त्या वेळी जात नाहीत. ‘शहाणी मुलगी गप्प बसते, मोठ्यांना सारखे प्रश्न विचारत नाही,’ हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं. मग तीन वर्षं पहिल्या बाकावर गप्प बसलेल्या गुणी मुलीला पत्र मागायची वेळ येते, तेव्हा तिला ओळखणारं कोणी सापडत नाही. शिफारसपत्र मागितलं जातं तिसऱ्या वर्षी. पण ते मिळवायला सुरुवात होते पहिल्या वर्षी, एक शंका घेऊन दार ठोठावण्यापासून.

मिरजेच्या बाई, तुमच्या नातीनं ते दार आपणहून ठोठावलं, तेही नापास झाल्यावर. तिला आज रात्रीच फोन करा आणि सांगा, ‘तू निवडलेलं माणूस योग्य आहे.’ लेकीचे डोळे आपोआप कोरडे होतील. आणि भावजींचा रुसवा कसा निघाला, ते मला जरूर कळवा.

— तुमची ताई