आधी जेवणाचं ठरवा, मग तिकीट काढा

परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले, निकालपत्रकं भरायची तेवढी राहिली. या दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात मुलांची एकच चर्चा असते, सुट्टीत कुठं जायचं? आमच्या वरकुट्यासारख्या गावात पूर्वी याचं उत्तर ठरलेलं असे. मामाचं गाव, विहिरीत पोहणं, फार तर एखाद्या दर्ग्याचा उरूस. आता चौथीतला पोरगाही ‘इमॅजिका’ म्हणतो. त्याच्या चुलतभावानं मोबाइलवर पाठवलेला पाळण्याचा व्हिडिओ त्यानं दहा वेळा पाहिलेला असतो.

मग घरोघरी हिशोब सुरू होतो. गाडीचं भाडं किती, तिकीट किती, पुण्यात मुक्काम कुणाकडं, आजीला झेपेल का. जेवणाचा विषय मात्र ‘तिथं बघू काहीतरी’ म्हणून शेवटी टाकून दिला जातो. आमचं म्हणणं नेमकं उलटं आहे. अशा सहलीत जेवणाचं आधी ठरवावं आणि तिकीट नंतर काढावं.

कारण साधं आहे. जत्रेत पोट भरण्यासाठी बाहेर यायला वाट असते. अशा उद्यानात एकदा आत गेलं की सात-आठ तास आपण आतच. डबा दारातच अडतो. आत दर त्यांचे, मटण-चिकन त्यांचं, रांगही त्यांचीच. दुपारी दोन वाजता भुकेलं पोर रडत असताना, मागं वीस माणसं उभी असताना, हलाल-हरामचा विचार आणि खिशाचा विचार एकदम करावा लागतो. अशा वेळी घेतलेला निर्णय सहसा चांगला नसतो.

लांबचा रस्ता

इमॅजिका हे उद्यान रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावर आहे. ते 2013 मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी शेजारी वॉटरपार्क आलं. इंदापूर तालुक्यातून सोलापूर-पुणे महामार्गानं पुणं आणि तिथून द्रुतगती मार्गानं खोपोली, म्हणजे एका बाजूनं दोनशे किलोमीटरच्या वरचा प्रवास. पहाटे निघून, दिवसभर उन्हात फिरून, रात्री परत येण्याचा अट्टहास लहान मुलं आणि वयस्क माणसं बरोबर असतील तर करू नये. आदल्या रात्री पुण्यात नात्यातल्या कुणाकडं मुक्काम करावा, फज्रनंतर निघावं आणि वाटेत पोटभर नाश्ता करावा. उद्यान उघडायला दहा-अकरा वाजतात, म्हणून नाश्त्याची घाई नसते.

दिवस निवडताना कॅलेंडर पाहा. 2026 मध्ये बकरी ईद मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येते आहे. कुर्बानीचा खर्च आणि पाहुण्यांची वर्दळ लक्षात घेता, ज्यांना जायचं आहे त्यांनी मेच्या पहिल्या पंधरवड्यात, तेही शनिवार-रविवार सोडून जावं. गर्दी कमी म्हणजे रांग कमी, आणि जेवणाच्या टेबलाशी उभं राहून दुसऱ्याचा घास मोजण्याची वेळही येत नाही.

डबा आत का नेऊ देत नाहीत?

हा प्रश्न पालकसभेतसुद्धा निघतो. 3 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सिनेमागृहांच्या बाबतीत निकाल दिला. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू द्यायचे की नाही हे मालक ठरवू शकतो. मात्र पिण्याचं शुद्ध पाणी मोफत द्यायला हवं आणि तान्ह्या मुलांसाठी आईबापांनी बेतानं आणलेल्या अन्नाला हरकत घेऊ नये, असा त्याचा सारांश. निकाल सिनेमागृहांचा असला तरी आपण उद्यानवाल्यांशी बोलताना त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पाण्याचे नळ कुठं आहेत ते विचारावं आणि बाळाचं खाणं, आजीच्या औषधाबरोबरची बिस्किटं याबद्दल आधीच फोन करून खात्री करून घ्यावी. रिकाम्या बाटल्या घेऊन जाव्यात. मे महिन्यातल्या उन्हात सहा माणसांचं पाणी विकत घेतलं तर त्याच पैशात एखादं जेवण निघतं.

उपाहारगृह कसं निवडायचं?

आत गेल्यावर एकाहून एक सजवलेली उपाहारगृहं दिसतात. इमॅजिकातली काही नावं वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी आहेत. एक बुफे पद्धतीचं ‘इमॅजिका कॅपिटल’, एक अमेरिकन धर्तीचं बर्गरवालं ‘रेड बॉनेट’, एक अनेक काउंटरांचं ‘रॉबर्टोज फूड कोस्टर’. अशी ठिकाणं आणि त्यांचे पदार्थ वेळोवेळी बदलतात, म्हणून नावापेक्षा प्रकार ओळखायला शिकावं.

बुफेत ठरलेल्या पैशात हवं तेवढं खाता येतं. घरात दोन-तीन वाढत्या वयाची पोरं असतील तर तो परवडतो. पण दोन घास खाणारी नात आणि पथ्यावर असलेले आजोबा यांचेही पूर्ण पैसे जात असतील तर तोट्याचा सौदा. शिवाय ‘पैसे वसूल’ करण्याच्या नादात ताटं भरून घेतली जातात आणि अर्धी टाकली जातात. इस्राफ म्हणजे काय हे मुलांना शिकवायला यापेक्षा वाईट जागा नाही.

अनेक काउंटरांच्या ठिकाणी प्रत्येकाला आपापलं घेता येतं. आजोबांना इडली, पोरांना नूडल्स, आपल्याला पुलाव. मोठ्या कुटुंबाला हे सोयीचं. मात्र खर्च चोरपावलांनी वाढतो. बर्गर आणि तळणीच्या ठिकाणी पोट लवकर भरतं, पण उंच पाळण्यावर बसायच्या आधी तेलकट खाणं म्हणजे उलटीला आमंत्रण. जोराचे पाळणे आधी, जेवण मग, आणि जेवणानंतर तासभर एखादा बसून बघायचा खेळ, हा क्रम बरा. जिथं दारू दिली जाते ते ठिकाण मुलाबाळांसह सोडूनच द्यावं.

वेळेचं गणितही महत्त्वाचं. दीड ते तीन ही सगळ्यात गर्दीची वेळ. उपाहारगृह उघडताच बाराच्या सुमारास जेवून घ्यावं, आणि सगळं जग ताटावर बसलेलं असताना आपण जुहर अदा करावी. मे महिन्यात हनफी हिशोबानं जुहरला जवळपास पाचपर्यंत वेळ मिळतो. हनफी मसलकात साधारण 78 किलोमीटरच्या पुढचा सफर असेल तर कसर आहे, चारऐवजी दोन फर्ज. चटई पिशवीत ठेवावी आणि निवांत कोपरा कर्मचाऱ्यांना विचारावा.

‘हलाल आहे का?’ हे विचारताना

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडं देशातल्या उपाहारगृहांसाठी सरकारी हलाल प्रमाणपत्र नाही. जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, हलाल इंडिया अशा खासगी संस्था ते देतात. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक बिलावर छापणं 2022 पासून बंधनकारक आहे, पण तो अन्नसुरक्षेचा आहे. जबीह्याशी त्याचा संबंध नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही फक्त शाकाहार सांगतो.

म्हणून तिकीट काढण्याआधी फोन करून तीन प्रश्न विचारा. मांस कुणाकडून येतं आणि हलालचा कागद दाखवता येईल का? शाकाहारी पदार्थांची कढई आणि तेल वेगळं आहे का? पुडिंग, जेली, मार्शमॅलो यांत जिलेटिन कशाचं आहे? उत्तर स्पष्ट मिळालं तर छानच. ‘हो हो, सगळं हलालच असतं’ असं गोलमोल आलं तर त्या दिवशी शाकाहारी जेवण ठरवून टाका. एक दिवस डाळ-भात, पनीर खाल्ल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका उद्यानात आम्ही काउंटरवरच्या तरुणाला तेलाबद्दल विचारलं. त्यानं आत जाऊन पाहिलं आणि परत येऊन सांगितलं, “कढई एकच आहे. तुम्ही समोरच्या काउंटरवर घ्या, तिथं फक्त शाकाहारी करतात.” आम्हाला त्या मुलाचं कौतुक वाटलं. पण बरोबरची आमची भाची, नववीतली, दोन पावलं मागं सरकून उभी होती. नंतर हळूच म्हणाली, “सगळ्यांसमोर कशाला विचारता? लोक बघतात.”

हे वाक्य आमच्या मनात राहिलं. कारण वर्गातही आम्ही ते वेगवेगळ्या रूपांत पाहतो. डबा झाकून खाणारी मुलं, घरातला पदार्थ दुसऱ्याच नावानं सांगणारी मुलं. हलाल या शब्दावर गेल्या काही वर्षांत इतकी ओढाताण झाली आहे की तो उच्चारताना आपलीच मुलं आवाज खाली करतात.

त्या दिवशी आम्ही भाचीला शेजारचं टेबल दाखवलं. एक जैन कुटुंब कांदा-लसूण-बटाट्याशिवाय काय मिळेल ते विचारत होतं. पलीकडं एका आजींना चतुर्थी होती, त्या साबुदाण्याची खिचडी शोधत होत्या. एक बाई मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे म्हणून प्रत्येक चटणीची चौकशी करत होती. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. आपल्या ताटात काय येतं हे विचारणं हा गिऱ्हाइकाचा साधा हक्क आहे. आपला प्रश्नही त्यातलाच एक. तो न लाजता, न तावातावानं, नीट आवाजात विचारावा, आणि उत्तर देणाऱ्याला ‘धन्यवाद’ म्हणावं. मुलं धर्म जितका उपदेशातून शिकतात, तितकाच आपल्या या अशा वागण्यातून शिकतात.

जगात ही सोय आता नवलाची राहिलेली नाही. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये ‘ताहिशियन टेरेस’ हे उपाहारगृह हलाल प्रमाणित आहे. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओतही हलाल प्रमाणित खाण्याची ठिकाणं आहेत. दोन्ही ठिकाणी मुस्लिम लोकसंख्येनं बहुसंख्य नाहीत. पाहुणे विचारतात, म्हणून सोय झाली. आपल्याकडंही विचारणारी कुटुंबं वाढली तर पाटी लागायला वेळ लागणार नाही. परत आल्यावर उद्यानाला दोन ओळींचा ईमेल लिहिण्याचं काम घरातल्या कॉलेजच्या मुलाकडं सोपवा.

घरच्या बाईची सुट्टी

आपल्या घरांत सहलीची तयारी म्हणजे अम्मीची रात्रपाळी. शामी कबाब, धपाटे, अंड्याची भुर्जी, शेंगदाण्याची चटणी, वर शिरा. रात्री बारापर्यंत चूल, पहाटे तीनला पुन्हा उठणं. मग सगळं घर पाळण्यावर ओरडत असतं आणि ती बाकावर पिशव्या सांभाळत पेंगत असते. घरात सगळ्यांची सुट्टी झाली, तिची तेवढी राहिली.

म्हणून डबा फक्त जाण्याच्या वाटेपुरता करावा, तोही सगळ्यांनी मिळून. दुपारचं जेवण आतच, बसून, वाढलेलं घ्यावं. एवढ्या पैशात घरी आठवडा निघाला असता, असं ती म्हणेलच. तिला सांगावं, तिकिटाचे पैसे मोजले तेव्हा हे पैसेही मोजले आहेत. पिशव्या लॉकरमध्ये ठेवाव्यात किंवा घरच्या पुरुषांनी आळीपाळीनं सांभाळाव्यात.

हिशोब कागदावर

हा हिशोब मोठ्या मुलांकडून करून घ्या, गणिताचा चांगला धडा होतो. समजा सहा माणसं आहेत आणि एका जेवणाला चारशे रुपये धरले, तर चोवीसशे. दुपारचा चहा, आइसक्रीम, सरबत यांचे माणशी दीडशे धरले, तर आणखी नऊशे. म्हणजे तेहतीसशे रुपये वेगळ्या पाकिटात. दर फोनवर विचारून आकडे बदला. जेवणासकट तिकीट मिळत असेल तर कूपन नेमकं कोणत्या उपाहारगृहात चालतं ते आधी पाहा. लहान मुलाचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वयापेक्षा उंचीवर ठरतं, घरीच मोजून घ्या. बिलात ‘सेवा शुल्क’ आपोआप लावलं असेल तर ते काढायला सांगता येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या कायम केल्या. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915.

बेरीज जमत नसेल तर कर्ज काढून, उसनवारी करून जाऊ नका. पुण्यात कात्रजचं प्राणिसंग्रहालय पाहा. बुधवारी ते बंद असतं एवढं लक्षात ठेवा. भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी एक संध्याकाळ घालवून ताजी मासळी खाऊन या. मासळीला तर जबीह्याचा प्रश्नही नाही. मुलांना तुमचा पूर्ण दिवस हवा असतो. त्यावर छापील तिकीट असलंच पाहिजे असं नाही.

ज्यांचं जाणं ठरलं आहे त्यांनी या आठवड्यात दोन कामं करावीत. एक फोन उद्यानाला, तीन प्रश्नांसाठी. आणि एक बैठक घरात, दस्तरखानावर, ज्यात अम्मीला आधी विचारलं जाईल की तिला काय खायचं आहे. सफर सगळ्यांना सुखाचा होवो, आमीन.