कवितेलाही एक पाट मांडा

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पंगती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना एक दृश्य नक्की आठवेल. पहिला भात संपत आलेला, वाढपी मठ्ठा घेऊन निघालेला, आणि कुणी वडीलधारा हाक देई, 'अरे, श्लोक होऊ द्या!' मग एखादे आठ-नऊ वर्षांचे पोर कानशिले लाल करून वामनपंडितांचा नाहीतर मोरोपंतांचा श्लोक खड्या आवाजात म्हणे. अर्थ त्याला ठाऊक नसे. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही नसावा. पण श्लोक संपताच सारी पंगत गजर करी आणि पोराच्या पानात एक जिलबी जास्त पडे.

आपल्याकडे कविता पुस्तकाआधी पानावर भेटत असे. चिऊ-काऊच्या घासाला चाल असते, लग्नातला घास उखाण्याशिवाय भरवता येत नाही. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचता येत नव्हते. जात्याच्या आणि चुलीच्या संगतीत त्यांची गाणी झाली. घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, ती पुस्तकरूपाने आपल्या हाती आली.

आता पंगतच उरली नाही. आमच्या ताथवड्यात रात्रीचे जेवण हप्त्याहप्त्याने होते. नातू आठला जेवतो, समोर पाण्याच्या बाटलीला टेकवलेला मोबाईल. त्याची आई नऊला. हिंजवडीहून निघालेला बाप भूमकर चौकातून सुटेल तेव्हा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण सक्तीची कविता येते ती पाच गुणांचा प्रश्न काखेत मारूनच.

म्हणून आम्ही शनिवारची रात्र कवितेसाठी राखली. दिवाणखान्यात सतरंजी, फोन आतल्या खोलीत, स्वयंपाक नातवाच्या पसंतीचा आणि प्रत्येकाने काहीतरी म्हणायचे. मोठ्यांना सूट नाही.

पहिल्या शनिवारचा विचका मीच केला. नातवाने विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' या १९६१ च्या संग्रहातली प्राण्यांची एक कविता हातवारे करून म्हटली. मी लगेच विचारले, 'अर्थ काय रे याचा?' शिवाय दोन उच्चार सुधारले. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्यांतल्या चुका शोधल्या, ती खोड जात नाही. पुढच्या शनिवारी त्याचे पोट दुखू लागले.

सूनबाईंनी मला बाजूला घेऊन सुनावले, 'बाबा, पंगतीत तुम्हांला कुणी अर्थ विचारला होता का?' उत्तर नव्हते. तेव्हापासून आमच्याकडे अर्थ विचारायला बंदी आहे. मूल विचारील तेव्हा सांगायचा, आणि तेही घास गिळून झाल्यावर. चुकले तर हसायचे, पण आधी स्वतःच्या चुकीला. पाठ नसेल त्याने समोरच्या पदार्थाचा उखाणा करायचा. ही शेवटची सवलत फारच फळली. कारल्याकडे बघत पोराने तिथल्या तिथे जुळवले:

'कारल्याच्या भाजीवर सोडले तूप,
आजोबा गप्प बसले तर जेवीन खूप!'

मी गप्प बसलो. त्याने कारले खाल्ले. खूप नाही, पण खाल्ले.

गेल्या शनिवारी साडेआठला घरचा फोन वाजला. चौकात अडकलेला मुलगा बोलत होता. मागे हॉर्नचा कल्लोळ. 'बाबा, मी येईपर्यंत सुरू करू नका. माझा उखाणा तयार आहे.'

आमटी दोनदा गरम करावी लागली.