ज्याच्यावर बातमी, त्याची पावती नको

भिवंडीतील पत्रकार बंधू-भगिनींनो, आणि रोज सकाळी पेपर उघडणाऱ्या भिवंडीकरांनो,

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 6 जानेवारी 1832 ला निघाले, म्हणून दरवर्षी त्या दिवशी पत्रकार दिन. हॉल, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हे, जेवणावळ. हा खर्च कोण करतो, ते एकदा संघटनेचे पावतीपुस्तक चाळून पाहा. बिल्डर, गोदाममालक, ठेकेदार, तिकिटाच्या रांगेतले इच्छुक. ज्यांच्यावर उद्या बातमी लिहायची, त्यांच्याच नावाने आज पावती फाडली जाते. पत्रकारांची संघटना अशी चालू नये, एवढेच सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

अशाने कोणती बातमी राहून जाते ते पाहा. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. कित्येक माणसे गेली. 29 एप्रिल 2023 ला वळपाड्यात गोदामाची इमारत खाली आली, त्यातही कामगार आणि भाडेकरू गाडले गेले. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. यादी व्हॉट्सॲपवर येते, आकडा छापून येतो, बातमी संपते. त्या यादीतल्या एखाद्या इमारतीचा जिना चढायचा, टेकू दिलेला खांब पाहायचा, नोटीस हातात असूनही लूम कामगाराचे कुटुंब तिथेच का राहते हे त्याच्या तोंडून ऐकायचे, मग मालक गाठायचा, मग प्रभाग कार्यालय. यात अख्खा दिवस जातो. तो दिवस बातमीदाराकडे नसतो, कारण त्याला जाहिरात आणायची असते.

तालुका प्रतिनिधीला पगार नाही, मानधन नावापुरते, बाकी जाहिरातीवरचे कमिशन. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी अंक, नेत्याचा वाढदिवस, प्रत्येकाचे टार्गेट ठरलेले. श्रमिक पत्रकारांसाठी संसदेने 1955 साली कायदा केला. मजीठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्राने 11 नोव्हेंबर 2011 ला अधिसूचित केल्या, सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2014 ला त्या वैध ठरवल्या. पण ज्याच्याकडे नेमणूकपत्रच नाही, त्याच्या घरात यातले काय पोहोचले? पडघा, अंबाडी, काल्हेरकडून बातम्या पाठवणाऱ्याला विचारा.

हल्ल्यापासून संरक्षणाचेही तेच. महाराष्ट्राने 2017 साली कायदा मंजूर केला, तो लागू व्हायला 8 नोव्हेंबर 2019 उजाडला. पत्रकारावर हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, तपास किमान उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. मात्र कायद्यातला पत्रकार म्हणजे प्रसारमाध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी नेमलेला माणूस. कागद नसलेला बातमीदार पोलीस ठाण्यात गेला की पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही नक्की कोणाचे?' 6 फेब्रुवारी 2023 ला राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांची बातमी त्याच 6 तारखेला छापून आली होती. तेही मोठ्या शहरातल्या बड्या कचेरीतले नव्हते, तालुक्याच्या गावातूनच लिहीत होते.

म्हणून संघटनेचे पहिले काम नेमणूकपत्र. प्रत्येक सभासदासाठी त्याच्या संपादकाला लेखी मागणी गेली पाहिजे, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा झाला पाहिजे. म्हातारपणी जांभेकरांच्याच नावाच्या सन्मान योजनेसाठी अर्ज करताना वर्षानुवर्षांच्या कामाचे पुरावे मागतात, तेव्हा जुनी कात्रणे शोधत फिरायची वेळ कोणावर येऊ नये. शाल त्यानंतर.

सभासद कोण, हाही प्रश्न टाळून चालणार नाही. गाडीवर 'प्रेस' लिहिले म्हणून कोणी पत्रकार होत नाही. वर्षभराच्या छापील बातम्या दाखवा, नाव नोंदवा. आणि मराठीपुरते थांबू नका. या शहरात मराठीइतकाच उर्दू पेपर वाचला जातो, हिंदी वाचला जातो, पद्मनगरात तेलुगू बोलली जाते. मे 1970 मध्ये दंगलीत भिवंडी पेटली, चौकशीला न्यायमूर्ती मादन आयोग बसला. मे 1984 मध्ये पुन्हा पेटली. अशा वेळी मराठी आणि उर्दू बातमीदार एकमेकांना ओळखत असतील, अफवा आली की फोन करून 'तुझ्याकडे काय आहे' असे विचारत असतील, तर दुसऱ्या दिवशी खोटी बातमी छापून येणार नाही. ती ओळख दंगलीच्या रात्री होत नाही. दर महिन्याच्या बैठकीत होते. भाषेवार वेगळ्या चुली मांडणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

हिशेबाचे नियम तर आपण इतरांना रोज शिकवतो. नोंदणीकृत संस्थेला दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते, कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो दिला नाही की कागदावर जुनेच अध्यक्ष राहतात, दोन गट दोन लेटरहेड छापतात आणि तारखा पडत राहतात. महापालिकेच्या सभेचे इतिवृत्त मागणाऱ्यांनी आपले इतिवृत्त लपवावे, हे लाजिरवाणे आहे. निवडणूक मतपत्रिकेने घ्या, 'सर्वानुमते' नको. एका माणसाने दोनदा अध्यक्ष झाल्यावर बाजूला व्हावे. वर्गणी सभासदाच्या खिशातूनच यावी, कार्यक्रम त्यात बसेल तेवढाच करावा. चहा-बिस्किटांत पत्रकार दिन होतो.

भिवंडीकरांनो, पत्रकारांच्या कार्यक्रमासाठी कोणी पावती घेऊन दारात आले तर पैसे देऊ नका. त्या पैशाने तुमच्या वस्तीची बातमी थांबते.

पत्रकार मित्रांनो, पुढच्या सर्वसाधारण सभेत तीन कागद मागा: सभासदांची यादी, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल आणि शेवटचा चेंज रिपोर्ट. हे मिळाल्याशिवाय कोणत्याही ठरावावर हात वर करू नका.

भिवंडीतला एक बातमीदार