नांदी वगळणारे रसिक

जपानी रेखाचित्रपटांना, म्हणजे आतां सर्वत्र ज्यांस 'ॲनिमे' म्हणतात त्यांना, आमच्या सुशिक्षित घरांत हल्लीं मानाचें पान मिळूं लागलें आहे. मुलांबरोबर आईबापही ते आवडीनें पाहतात, आणि एरवीं चित्रपटाचें नांव काढतांच नाक मुरडणारे विद्वान गृहस्थही मियाझाकींचें नांव आदरानें घेतात. ह्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु हेच रसिक एखादी मालिका लावून बसले कीं जें पहिलें कृत्य करितात, तें पाहून हा आनंद निम्मा ओसरतो. आरंभींचें गाणें सुरू होतें न होतें तोंच पडद्याच्या कोपऱ्यांत तें वगळण्याचें बटण उगवतें, आणि घरांतील कोणाचें तरी बोट त्यावर पडतें. 'गाणें काय, रोजचेंच आहे. गोष्ट सुरू होऊं द्या,' हें त्याचें समर्थन. आमचें म्हणणें असें कीं, गोष्ट सुरू झालेलीच असते. ती सुरू झाल्याचें ह्या मंडळींस कळलेलें नसतें, इतकेंच.

ज्या महाराष्ट्रानें १८८० सालीं किर्लोस्करांचें 'शाकुंतल' डोक्यावर घेतलें आणि पुढें नाटकांतल्या पदांसाठीं रात्रीच्या रात्री जागविल्या, त्याच्या वारसांस नांदीचें महत्त्व आम्हीं सांगावें, हें थोडें चमत्कारिकच होय. नांदी म्हणजे पडदा उघडेपर्यंत वेळ काढण्याचा उपाय नव्हे. प्रेक्षकाला त्याच्या संसारांतून उचलून नाटकाच्या जगांत आणून बसविणें, हें तिचें काम. जपानी मालिकेच्या आरंभींचें सुमारें दीड मिनिटाचें गाणें हेंच काम करितें. अखेरचें गाणें भरतवाक्याप्रमाणें त्या जगांतून निरोप देतें. आणि मधल्या प्रसंगांत पेरलेलें गाणें पुष्कळदां पात्रांना जें बोलतां येत नाहीं तें बोलून जातें.

ह्यावर पहिला आक्षेप येतो तो असा कीं, हीं गाणीं मुलांसाठीं रचलेलीं, सबब तीं पोरकटच असावयाचीं. हा आक्षेप घेणारांनीं तेझुका ओसामु ह्यांच्या 'तेत्सुवान आतोमु' ह्या मालिकेची हकीकत ध्यानांत घ्यावी. ही मालिका १९६३ सालीं जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिच्या गाण्यास चाल दिली ताकाई तात्सुओ ह्यांनीं, आणि शब्द लिहिले ते तानिकावा शुन्तारो ह्यांनीं. हे तानिकावा कोणी यमकें जुळवून पोट भरणारे नव्हेत. २०२४ सालीं ते निवर्तले तेव्हां आधुनिक जपानी काव्यांतील एक अग्रगण्य कवि गेला. अशा कवीला यंत्राच्या पोराचें गाणें लिहिण्यांत कमीपणा वाटला नाहीं. आणि आम्ही मात्र तसलीं गाणीं ऐकण्यांत कमीपणा मानतों! कथेप्रमाणें आतोमुचा जन्म २००३ सालीं व्हावयाचा होता. तें वर्ष उजाडलें तेव्हां टोकियोच्या ताकादानोबाबा स्थानकावर गाडी सुटण्याची सूचना म्हणून हीच चाल वाजूं लागली. चाळीस वर्षें जी चाल एका शहराच्या कानांत राहिली, तिला खुळखुळा म्हणणाऱ्याचेच कान तपासले पाहिजेत.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. संगीत ही केवळ शोभा. कथा कळावयास तिची गरज नाहीं, असें तो म्हणतो. ह्यास उत्तर म्हणून आम्ही दोन चित्रपट पुढें ठेवितों. ताकाहाता इसाओ ह्यांचा १९८८ चा 'होतारु नो हाका', म्हणजे 'काजव्यांचें थडगें', ही १९४५ च्या बाँबवर्षावांत कोबे येथें आईला मुकलेल्या दोन भावंडांची कथा. धाकटी बहीण शेवटीं उपासमारीनें मरते. युद्ध संपलेलें असतें. तळ्याकाठच्या मोठ्या घरांत त्या घरच्या मुली परत येतात, फोनोग्राफ लावतात, आणि आमेलिता गाल्ली-कुर्ची ह्या इटालियन गायिकेच्या आवाजांत 'होम, स्वीट होम' हें गाणें पाण्यावरून तरंगत त्या भावंडांच्या ओसाड आसऱ्यापर्यंत येतें. त्या सुरांबरोबर ती चिमुरडी तेथें एकटीच खेळतांना पुन्हां आपल्या डोळ्यांपुढें येते. ह्या गाण्याचे शब्द एका अमेरिकनाचे, चाल एका इंग्रजाची. आणि तीच चाल मेजी काळापासून जपानी शब्दांत तेथल्या मुलांच्या ओठीं रुळलेली. घर जाळणारें राष्ट्र आणि घराचें गाणें देणारें राष्ट्र एकच! दिग्दर्शक ह्यावर एक अक्षरही बोलत नाहीं. जें बोलावयाचें तें गाणें बोलतें. तें काढून टाका, म्हणजे उरेल ती केवळ एक करुण बातमी.

दुसरें उदाहरण ओशी मामोरु ह्यांच्या १९९५ च्या 'घोस्ट इन द शेल' चें. आरंभीं एका यंत्रदेही स्त्रीचें शरीर घडतांना दिसतें, आणि त्या दृश्यावर कावाई केंजी ह्यांनीं योजिलें आहे तें चक्क लग्नाचें गाणें: प्राचीन जपानी भाषेंतलें, लोकगीतें गाणाऱ्या स्त्रियांच्या समूहानें म्हटलेलें. जन्माच्या प्रसंगीं लग्नाचें गाणें कां? ह्याचें उत्तर चित्रपटाच्या अखेरीस मिळतें, जेव्हां ही स्त्री एका देहहीन बुद्धीशीं एकरूप होते आणि त्या संयोगांतून एक नवीच व्यक्ति जन्मास येते. म्हणजे जो शेवट पाहून आम्ही चकित होतों, त्याची मंगलाष्टकें आरंभींच म्हणून झालेलीं होतीं. ज्यानें तीं ऐकलींच नाहींत, त्यानें कथा गूढ असल्याची तक्रार कोणत्या तोंडानें करावी?

तिसरा आक्षेप व्यापाराचा. आणि तो मात्र आम्ही पुष्कळ अंशीं मान्य करितों. ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपन्या आपल्या नव्या गायकाची जाहिरात म्हणून एखादें गाणें मालिकेस चिकटवितात, आणि त्याचा कथेशीं तिळमात्र संबंध नसतो, हें खरें. पण ह्यावरून सारींच गाणीं टाकाऊ ठरत नाहींत. बरें कोणतें व वाईट कोणतें हें निवडून सांगण्याची गरज तेवढी ठरते. तें काम टीकाकाराचें. आमचे टीकाकार मात्र कथानक सांगतात, चित्रांची वाखाणणी करितात, आणि संगीताची बोळवण 'श्रवणीय' ह्या एका शब्दावर करितात. जेथें टीकाकार मुका, तेथें व्यापारी निर्धास्त. 'नेऑन जेनेसिस इव्हान्जेलियन' ह्या १९९५ च्या मालिकेंत भागाच्या अखेरीस 'फ्लाय मी टु द मून' हें जुनें अमेरिकन गाणें निरनिराळ्या आवाजांत येत असे. कोवळ्या मुलांच्या भयाण लढायांनंतर कानीं पडणारी ती निवांत चाल हा त्या मालिकेचा अर्धा चटका होता. २०१९ सालीं नेटफ्लिक्सनें ती मालिका दाखविली, तेव्हां जपानाबाहेरच्या अनेक देशांत तें गाणें नाहींसें झालेलें होतें. त्याच्या जागीं पियानोची एक धून. जुन्या चाहत्यांनीं ओरड केली. पण बटण दाबण्याचा हात बसलेल्या प्रेक्षकाला कांहीं गेलें आहे ह्याची दादही लागली नसेल.

कोणी म्हणेल, मूळ गाणें हललें तर एवढा आकांत कशाला? आमचा आकांत बदलाविरुद्ध नाहीं, लोपाविरुद्ध आहे. किप्लिंगच्या मोगलीवरील जपानी मालिका १९८९ ची. १९९० नंतरच्या दशकांत ती दूरदर्शनवर हिंदींत आली, तेव्हां जपानी गाणें गेलें. पण त्याच्या जागीं गुलजारांनीं शब्द लिहिले आणि विशाल भारद्वाजांनीं चाल दिली. शेरखान बोलला तो आमच्या नाना पाटेकरांच्या आवाजांत. ह्याला म्हणतात भाषांतर: घेतलें तेवढें, किंबहुना काकणभर अधिकच, परत दिलें. रविवारीं सकाळीं त्या गाण्याचा पहिला सूर ऐकतांच महाराष्ट्रांतल्या घरोघरचीं मुलें तोंडांतला घास तसाच ठेवून पडद्यापुढें धांवत. आज ज्यांचीं बोटें बटणावर पडतात, ते गृहस्थ बहुधा तेव्हांचींच तीं मुलें! त्या मालिकेंतला एखादा प्रसंग सांगा म्हटलें तर ते अडखळतील. गाणें मात्र त्यांस अथपासून इतिपर्यंत पाठ आहे. जें स्वतःस इतकीं वर्षें पुरलें, तें आपल्या मुलांस दीड मिनिटही मिळूं नये, ह्याला रसिकता म्हणावें कीं कृपणता?

असो. आमची मागणी मोठी नाहीं. परीक्षकांनीं गाण्याच्या कवीचें व संगीतकाराचें नांव घेऊन त्यावर चार ओळी तरी लिहाव्या. देशी भाषांत ह्या मालिका आणणारांनीं गाणें कापण्यापूर्वीं गुलजारांचें उदाहरण आठवावें. आणि घरच्या मंडळींनीं, निदान पहिल्या भागापुरता तरी, हात आवरावा. नांदी ऐकावयास ज्याला सवड नाहीं, त्यानें आपण नाटक पाहिलें असें सांगत फिरूं नये.