फलक कापडाचाच हवा!

अलिबाग असो वा श्रीवर्धन, स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत छापील फ्लेक्स मागवण्याचा विचार होतो. तो सोडा. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर चढवलेला पीव्हीसी प्लास्टिकचा थर. समारंभ एका दिवसाचा. हा थर मात्र कुजत नाही. वाऱ्याने फाटला तर तुकडे समुद्रात जातात, जाळला तर हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. त्यापेक्षा मांजरपाटावर स्वतः अक्षरे रेखाटा. निरोगी डोळ्याला ३० मीटरवरून सुमारे ४.५ सेंटिमीटर उंचीचे अक्षर जेमतेम ओळखता येते. आपल्या मात्रा-अनुस्वारांसाठी तिप्पट उंची ठेवा. पांढऱ्यावर पिवळा रंग नको, गडद निळा घ्या. साल लिहू नका, म्हणजे तोच फलक पुढल्या वर्षीही चालेल. शिक्षकांनी हे चित्रकलेइतकेच विज्ञानाचेही प्रात्यक्षिक मानावे.