नाचता येईना... पण अंगण खरंच वाकडं असेल तर?

मित्रहो, प्रोजेक्ट फसला की आपण पहिला दोष देतो जी-कोडला. मग सॉफ्टवेअरला, मग टूलला आणि शेवटी ग्रुपमधल्या त्या एकाला, जो नेमका तेव्हा मेसमध्ये जेवत होता! छोट्या सीएनसी राउटरच्या बेडकडे मात्र कुणी बघतच नाही. माझं स्पष्ट मत आहे, की इथे ती म्हण उलटी लागू पडते. बऱ्याचदा अंगणच वाकडं असतं.

हिशोबच करा ना. साध्या पीसीबीवर तांब्याचा थर असतो 35 मायक्रॉनचा. बेडच्या दोन कोपऱ्यांत 0.2 मिमीचा फरक असेल, तर एकीकडे टूल तांब्याला शिवतही नाही. म्हणून ते तेवढं खाली घेतलं, की 30 अंशांच्या व्ही-बिटची रेघ दुसऱ्या कोपऱ्यात 0.1 मिमीने रुंद होते. बारीक ट्रॅक गेलाच म्हणून समजा.

यावर उपाय जुनाच आहे. बेडवर 18 मिमीचा एमडीएफ बसवायचा. हा आपला बळीचा बकरा. स्क्रूची डोकी चांगली खोल बुडवायची, नाहीतर कटर त्यांच्यावर आदळेल. स्पिंडल डायल लावून काटकोनात आणायचा. बोर्डवर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, सगळ्यात उंच जागा शोधून तिथे झीरो घ्यायचा आणि 25 मिमीच्या सरफेसिंग बिटने दर पासला 0.3 मिमी काढत राहायचं. शेवटची रेघ पुसली गेली की बेड तयार. नखाला पायऱ्या लागल्या, तर स्पिंडल अजून कललेला आहे. आणि हो, मास्क लावा. ती बारीक धूळ छातीला चांगली नाही.

आता कुणी म्हणेल, हे कसलं सपाट? बरोबर आहे. खरं सपाट कसं करायचं ते जोसेफ व्हिटवर्थने 1840 साली मांडलं. निळा रंग लावून तीन प्लेटा एकमेकींवर आळीपाळीने तपासायच्या आणि उंचवटे खरवडायचे. दोनच प्लेटा घेतल्या, तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही जुळतात. तिसरी त्यांची चोरी पकडते. आपल्या राउटरकडे तिसरी प्लेट नाही. गॅन्ट्री जशी चालते, तसाच बेड कापला जातो, तिच्या झोकासकट. पण जॉबला हवं असतं तेच! टूल आणि बेड यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं.

दुसरा आक्षेप नेहमीचाच. "अरे, उद्या सबमिशन आहे, कागदाची घडी सार खाली." घडी एका जॉबला चालते, पुढच्या ग्रुपला नाही. शिवाय आपल्या मराठवाड्यातला मे महिना कोरडा ठणठणीत आणि जुलै दमट. एमडीएफ ओल धरून फुगतो. उन्हाळ्यातल्या लेव्हलवर पावसाळ्यात भरवसा ठेवणं म्हणजे गेल्या सेमिस्टरच्या नोट्सवर व्हायवा देणं!

खरी अडचण अशी, की बेड सपाट करणाऱ्याला मार्क नाहीत. मार्क आहेत डेमोला. म्हणून प्रत्येक ग्रुप हे काम पुढच्यावर ढकलतो. स्टाफला माझी विनंती आहे, की जर्नलमधलं पहिलं प्रॅक्टिकल हेच ठेवा. नऊ ठिकाणी डायल लावून आधीचे आणि नंतरचे आकडे लिहायला लावा. वाळूज-चिकलठाण्यात नोकरीला जाणाऱ्या मुलाला फॅन्सी डेमोपेक्षा ही सवय जास्त उपयोगी पडेल. आणि मित्रांनो, तोपर्यंत आपल्यानंतर येणाऱ्या ग्रुपसाठी एवढं तरी करू या. बोर्डच्या कडेवर शेवटच्या सरफेसिंगची तारीख लिहू या.